नारपोलीत फुटलेला नारळ

भिवंडीहून परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतायत, गाव कसं आहे म्हणून. एरवी मी गडहिंग्लजच्या बाजाराला जाऊन आले तरी तासभर सांगत बसते. भिवंडीचं मात्र कुठून सुरू करावं तेच कळत नाही. एक गाव बघायला म्हणून गेले आणि तीन गावं एकमेकांत कालवलेली बघून आले. कुठलं कुठे संपतं हे तिथल्या माणसांनाही नीट सांगता येईना, तिथे माझा काय पाड.

गेले होते भाचीसाठी. रूपाली ही माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. भिवंडीचा निलेश टेक्स्टाइलचा डिप्लोमा करायला इचलकरंजीत आला आणि आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहिला. पुढचं वेगळं सांगायला नको. मुलगा सालस आहे, एका गोदामात सुपरवायझर आहे, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण दादाची, म्हणजे माझ्या भावाची, एक अट होती. दादानं सगळा जन्म मागावर काढला. आता त्याला मोठ्यानं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तो म्हणाला, "पोरगी मागाच्या खडखडाटात द्यायची न्हाई. बाकी काय बी असू दे. तू जाऊन घर बघून ये. तू व्हय म्हणालीस तर व्हय."

लग्नं जुळवण्यात आमच्या भागात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. घरात पाऊल टाकलं की न्हाणीघराच्या बादलीवरून मी माणसं ओळखते. एका दिवसाचं काम, असं मनात धरून निघाले.

टेमघर

घोळ पहिल्या रिक्षापासून सुरू झाला. कल्याण नाक्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, टेमघर. तो म्हणाला, "कौनसा? गाँव वाला, पाइपलाइन वाला, के नया वाला?" मी म्हटलं, जे टेमघर आहे तिकडे ने. तो हसला आणि त्यानं मला तिन्हीकडे फिरवलं. शेवटी एका उंच इमारतीच्या फाटकात सोडलं. वॉचमन म्हणाला, नाव हेच आहे पण ती इमारत ही नव्हे, त्याच नावाची दुसरी पलीकडे आहे. मग निलेश मोटरसायकल घेऊन शोधत आला. पिशवी मांडीवर, हातात चकल्यांचा डबा, आणि मी या वयात मोटरसायकलवर, अशी आमची वरात टेमघरात शिरली.

निलेशची आई, सुमनताई, पाचव्या मजल्यावर राहतात. नवरा जाऊन काही वर्षं झाली. बाई नीटनेटकी, बोलणं हळू, न्हाणीघरातली बादली लख्ख. मी मनातल्या मनात अर्धा होकार देऊन टाकला. संध्याकाळी त्यांनी मला गॅलरीत नेलं. समोरच्या इमारतींवर सोनेरी अक्षरांत इंग्रजी नावं, पण सुमनताई एकही नाव घेईनात. ती समोरची 'तल्यावरची', तिच्या बाजूची 'वडाचा तुकडा', आणि आम्ही उभ्या होतो ते 'मोठं शेत'. टेमघर हे त्यांचं माहेर. भावांनी शेत बिल्डरला दिलं तेव्हा बहिणीचा वाटा म्हणून हा फ्लॅट मिळाला.

"मी लहान असताना हितं गवत कापाला यायची," त्या म्हणाल्या. "आता त्याच जागंवर लिफ्टनं वर येते."

मी खाली वाकून तळं शोधत होते. पार्किंग होतं. तळ्यावरच्या बिल्डिंगीत राहणारी माणसं दारात टँकर बोलावतात, हेही त्यांनीच सांगितलं. हे ऐकून हसावं की हळहळावं ते मला कळेना, म्हणून मी चकल्यांचा डबा उघडला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. आमची ज्वारीची भाकरी कडक झाली तरी चार दिवस पोट धरून ठेवते, ही तांदळाची इतकी मऊ की चावायच्या आत संपते. मी चार खाल्ल्या आणि भूक आहे तशीच राहिली असं वाटून आणखी एक घेतली. सगळीकडे शांत होतं. दादाला सांगायला हेच पुरे, असं वाटलं.

झोपायच्या आधी सुमनताईंनी देवापुढे एक ताट ठेवलं. त्यात शेंडी राखलेला नारळ, हळद, कुंकू. म्हणाल्या, "सकाली आपन गावदेवीला जाऊ. तुमचेच हातानं फोडू." मी म्हटलं, फोडू की. नारळ फोडायला काय लागतं.

अंजूर

सकाळी मी अंघोळ करून येते तोवर घरात निलेशचे चुलते, दामूकाका, येऊन बसलेले. उंच, सावळे, पांढरीशुभ्र पँट. माझ्याशी अदबीनं बोलले, पण स्वयंपाकघरात त्यांचं आणि सुमनताईंचं दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. 'पयला' आणि 'आमचे गावान' एवढंच मला ऐकू आलं. सुमनताईंनी नारळाचं ताट उचलून कपाटात ठेवलं. आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी दामूकाकांच्या गाडीत बसलेली होते. पाहुणीला विचारायचं असतं, की कुठे जायचंय, ही पद्धत त्या दोन्ही घरांत दिसली नाही.

अंजूर हे त्यांचं मूळ गाव, खाडीच्या बाजूला. अंजूरफाट्याला ट्रकांची अशी रांग की मी गाड्यांच्या पाट्या वाचून देशाचा भूगोल पाठ केला. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं, एकाला लागून दुसरं. मला सगळी एकसारखीच. दामूकाका मात्र खिडकीतून बोट दाखवत सांगत होते, ही आमची खाडीकाठची खार जमीन, इथं मिठागर होतं, इथं भात, हा आमचा खळा. खळा म्हणून दाखवला तिथे टीव्हीची खोकी छतापर्यंत रचलेली. फाटकावरच्या गार्डनं गाडी अडवली आणि काम काय म्हणून विचारलं. दामूकाका म्हणाले, मालक. गार्डला खरं वाटेना. त्यानं आत कुणाला तरी फोन लावला आणि आम्ही तोवर त्यांच्याच भातशेताच्या तोंडाशी उन्हात थांबलो. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, पोरगं नवीन आहे, त्याचं बरोबर आहे.

घर मोठं, दुमजली, गोदामाच्या भाड्यातून बांधलेलं. आत दामूकाका एकटे. बायको गेली, मुली सासरी. वरच्या खोल्यांमधल्या गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यांनी मला प्रत्येक खोली दाखवली आणि प्रत्येक खोलीत "ही सुनंला" असं म्हणाले. मी विचारलं, पण मुलं तर टेमघरला राहणार ना. दामूकाका म्हणाले, "ती तसं बोलते. लगीन आमचे घरचं हाय, सून हितंच येल. संध्याकालचा दिवा लावाला या घरान कोन न्हाय, बाय." मला त्यांची दया आली आणि सुमनताईंचीही आली, आणि आपण नेमकं कुणाचं घर बघायला आलोय तेच मी विसरले.

मग ते मला गावदेवीकडे घेऊन गेले. गाडीच्या डिकीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला नारळ काढला. म्हणजे इथेही नारळ. पण देवळात रंगकाम चाललेलं, उंबऱ्यापासून गाभाऱ्यापर्यंत ओला ऑइलपेंट, रंगारी म्हणाला संध्याकाळशिवाय पाय ठेवता येणार नाही. दामूकाकांचा चेहरा असा पडला की माणूस फारच भाविक दिसतो, असं मला वाटलं. संध्याकाळी येऊ, असं दोनदा म्हणून त्यांनी नारळ परत गुंडाळला.

दुपारी शेजारच्या बाईनं चिंबोऱ्यांचं कालवण पाठवलं. खेकडा फोडायची मला सवय नाही. मी दाताखाली नांगी धरून दाबली, ती सटकली आणि दामूकाकांच्या पांढऱ्या पँटवर जाऊन पडली. दुसरी नांगी त्यांनी मला स्वतः फोडून दिली.

नारपोली

नारपोलीला जायचं दामूकाकांच्या मनात नव्हतं. निलेशचा फोन आला, मी गाळ्यावर आहे, आत्यांना आणाच. गाळा म्हणजे निलेशच्या वडिलांनी भाताचा एक तुकडा विकून नारपोलीत घेतलेली लूमची शेड. आम्ही माग म्हणतो, ते लूम म्हणतात. शेड भाड्यानं दिलेली. दामूकाका म्हणाले, पाच मिनिटं बघू आणि निघू.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचं दार उघडलं आणि तो आवाज अंगावर आला. खडाखट, खडाखट. मी जन्मापासून त्यातली, पण लगेच दादाची अट आठवली. गल्ली इतकी अरुंद की सुताचा बीम, म्हणजे मोठं रीळ, घेऊन हातगाडी आली तर माणसानं भिंतीला चिकटायचं. शिवाय ती सरळ नव्हती, दर थोड्या अंतरावर वळत होती. आमच्याकडे शेड सरळ रांगेत, म्हणून मी विचारलं. दामूकाका म्हणाले, इथे शेतं होती, गल्ली म्हणजे दोन शेतांमधला बांध. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात शेडी बांधल्या, बांध तेवढा चालायला राहिला. पुढे कामगारांसाठी शेडींवर खोल्या चढल्या. काही शेडी आता बंद होत्या, एका जागी शेड पाडून टॉवरसाठी खड्डा खणलेला. एका गल्लीत शेत, कारखाना, चाळ आणि टॉवर, आणि कुणी कुणाची जागा पूर्ण सोडलेली नाही.

निलेशच्या गाळ्यात लूम चालवतात ते रफीकभाई, केस मेंदीनं लाल केलेले. त्यांचे वडील उत्तरेतून इथे आले होते. मी इचलकरंजीची म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुसलं, चहा मागवला. "बाई, हमारा गाव पूछेंगे तो मैं नारपोलीच बोलता," ते म्हणाले. "उधर जाता हूँ तो नींद नहीं आती." मी हसले, त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नाही.

निलेशनं मला वर नेलं. लूमवरच एक खोली. नुकता रंग दिलेली, पोपटी. रूपालीचा आवडता रंग पोपटी आहे हे मला माहीत आहे, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. ओट्यावर नवीकोरी शेगडी. इथे कोण राहतं म्हणून विचारलं तर निलेश खिडकीकडे बघत म्हणाला, अजून कोणी नाही. पायाखालची फरशी लूमच्या ठेक्यावर थरथरत होती.

इतक्यात खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला, गाडी हलवायला दामूकाका गेले, निलेश मागाहून कुलूप लावत होता. मी एकटीच गल्लीच्या वळणावर आले. तिथे दोन शेडींच्या भिंतींमध्ये गावदेवीचं लहानसं देऊळ. दोन्हीकडून लूमचा हादरा, समईची ज्योत सारखी हलतेय, देवी मात्र शेंदूर लावून स्वस्थ बसलेली. बाहेर फुलं विकणारी म्हातारी होती. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एक नारळ हातात दिला. "पयल्यांदा आलीस ना बाय, फोर."

आता आमच्याकडे कुणी देवापुढे हातात नारळ दिला तर विचारत बसत नाहीत. मी डोळे मिटले, आमच्या रूपालीचं भलं कर म्हटलं, आणि दगडावर नारळ आपटला. एका घावात दोन सारखी भकलं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मागे वळले तर दामूकाका उभे. नारळाकडे बघत ते तसेच देवळाच्या पायरीवर बसले. निलेश धावत आला, त्यानंही नारळ पाहिला, आणि तोंडावर हात धरून पाठ फिरवली. मला वाटलं, यांच्याकडे बायका नारळ फोडत नसतील.

मग निलेशनं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की मुलीकडच्या माणसाच्या हातचा पहिला नारळ ज्या गावदेवीला फुटतो, त्या देवीच्या हद्दीत नव्या सुनेची चूल मांडायची. पूर्वी एकाच गावात घर असायचं, प्रश्न यायचा नाही. आता एका घराची तीन ठिकाणं, प्रत्येकाची देवी वेगळी. सुमनताईंना सून टेमघरला हवी, दामूकाकांना अंजूरला. म्हणून दोघंही माझ्या हातांवर डोळा ठेवून होते. आणि मी, शहाणी, तिसरीकडेच फोडून मोकळी झाले.

दामूकाकांनी सुमनताईंना फोन केला. त्या रिक्षा करून आल्या. दोघं दीर-भावजय पायरीवर शेजारी बसली, सकाळी भांडत होती हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. मी म्हटलं, दोन नारळ मी माझ्या पदरचे आणते, एक इकडे फोडते, एक तिकडे. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

मग दामूकाकांना पुन्हा आशा वाटली. म्हणाले, ही जागा नारपोलीत धरायची की नाही, ते तरी बघू. जुनी शीव नाल्यावर होती. पण नाला आता झाकलेला. फुलवाल्या म्हातारीला विचारलं, ती म्हणाली नाला खालच्या अंगाला. रफीकभाईंनी वरच्या अंगाला हात केला. एक इस्त्रीवाला म्हणाला, नाला कधी नव्हताच. आम्ही सगळे गल्लीत खाली बघत फिरत होतो, पाण्याचा आवाज येतो का म्हणून, आणि लूमच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. शेवटी सुमनताईच थांबल्या. "भावोजी, पुरं करा," त्या म्हणाल्या. "देवी हितं बसलीय. ती काय आपली हद्द सोडून बसंल?" दामूकाकांनी मान हलवली आणि रुमालानं तोंड पुसलं.

पण माझं काय? ती दोघं आपापलं दुःख गिळून मोकळी झाली, मी मात्र अडकले. दादानं एकच गोष्ट सांगितली होती, आणि मी नेमकी तीच उलटी करून ठेवली होती. नकार द्यावा तर पोरीचं मन मोडतं. होकार द्यावा तर कोणत्या तोंडानं? मी वरच्या खोलीत जाऊन खिडकी लावली आणि रूपालीला फोन केला. सगळं सांगितलं. रडूच आलं मला.

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत्या, ती खोली आमचीच आहे. रंग मीच सांगितला होता. काकांकडे राहिलो तर निलेशची आई रुसणार, त्यांच्याकडे राहिलो तर काका. बाबांना सांगायचा धीर झाला नाही."

"अगं, पण आवाज?"

"मला शांततेत झोप येत नाही गं आत्या," ती म्हणाली. "पुण्याला हॉस्टेलवर होते ना, छातीवर दगड ठेवल्यासारख्या रात्री काढल्या. शेवटी खडखडणारा पंखा असलेली खोली मागून घेतली. बाबांना हे कसं सांगू? त्यांना वाटेल, त्यांचे कान गेले त्याची मी थट्टा करते."

परत घरी

बसमध्ये मी सबंध वाट वाक्यं जुळवत आले. दादाला सांगायचं म्हणजे हळूच, आडून सांगण्याची सोयच नाही. ओरडायचं, आणि ते गल्लीनं ऐकायचं.

दादा दारातच खुर्ची टाकून बसला होता. मी टेमघरचं सांगितलं, त्यानं मान डोलावली. अंजूरचं सांगितलं, मान डोलावली. मग मी दम घेतला आणि नारपोलीचं सांगितलं. चूल लूमवरच्या खोलीत मांडणार म्हणून. त्याचा चेहरा बदलला. "तुला काय सांगून धाडलं हुतं?" तो म्हणाला.

"रूपालीलाच तिथं राहायचंय," मी ओरडले. "तिला शांततेत झोप येत नाही."

"काय?"

मी पुन्हा ओरडले. समोरच्या दारातल्या दोघी बायका बाहेर आल्या. तो पुन्हा म्हणाला, काय? तिसऱ्यांदा मी कानाशी तोंड नेलं, तेव्हा त्यानं हात वर करून मला थांबवलं. ऐकू आलं होतं, बहुतेक पहिल्याच वेळी. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते.

"व्हय म्हणून कळीव त्यास्नी," तो म्हणाला.

मला खरं वाटेना. काय झालं म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो स्वतःशीच बोलल्यासारखा, पण नेहमीसारखं मोठ्यानंच बोलला.

"तिची आई सुताच्या कांड्या भरायची न्हवं. पाळणा शेडातच बांधल्याला, माझ्या मागाजवळ. दिवसभर गुमान झोपायची पोर. लाइट गेली, माग थांबलं की जागी हून रडायची. लाइट आली की परत गप. आणि मला वाटायचं, अंधाराला भितीया."